मावशीनं खाल्ली

दाणेकाकांचा एक दोष आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच दुसऱ्या कुणाला शिव्या घालायला नकोत. कुणी अडचण सांगितली की काकांचा हात मदतीला धावायचा, आणि केलेली मदत ते कुणाला सांगायचे नाहीत. सांगितलं की तिची गंमत जाते म्हणे! अहो, गंमत कसली? माणूस भला होता, अगदी देवमाणूस म्हणावा असा, पण भल्या माणसानंही वेळेवर तोंड उघडावं की नाही? असो. आता बोलून काय उपयोग.

काका प्राणिसंग्रहालयात कामाला होते. एकतीस वर्षं. तिथल्या जनावरांच्या स्वयंपाकघरात बादल्या दोन रंगांच्या. लाल बादलीत मांस, हिरवीत दाणे आणि पाला. लाल बादली हिरव्या बाजूला जायची नाही, हिरवी लाल बाजूला जायची नाही. धुवायचे नळसुद्धा वेगळे. बादलीवरूनच माणसं ओळखली जायची. वाघ, लांडगे, गरुड सांभाळणारे ते लालवाले. हरणं, ससे, पोपट सांभाळणारे हिरवेवाले. लाल बाजूच्या पिंजऱ्यांना दोन-दोन दारं, दोन-दोन कुलुपं. हिरव्या बाजूला एक कडी पुरे. लालवाले चहा पिताना हातावरचे ओरखडे दाखवून बढाया मारायचे, आणि दाणेकाका आपले दोन्ही हात पुढे करून म्हणायचे, "बघा, एकतीस वर्षांत एक टाका नाही. आमची सगळी सभ्य मंडळी."

या सभ्य मंडळींत काकांचे मुख्य म्हणजे फेझंट. कोंबडीच्याच जातीतला हा लांब शेपटीचा पक्षी. नर असा नटलेला की लग्नाला निघालाय असं वाटावं; मादी मात्र मातीच्या रंगाची, पाचोळ्यात बसली तर पायाखाली येईल. दिवसभर जमीन उकरायची आणि दाणा टिपायचा, एवढाच त्यांचा उद्योग. पिंजऱ्यावर पाटी होती: 'हे पक्षी दाणे, कोंब व पाने खातात. अत्यंत निरुपद्रवी.' हा मजकूर काकांनी स्वतः रंगाऱ्याला सांगितला होता. जागा पुरत नाही म्हणून रंगाऱ्यानं 'अत्यंत' गाळला, तर काकांनी त्याला पुन्हा शिडीवर चढवलं. शाळेची पोरं आली की काका जाळीतून बोट आत घालून दाखवायचे. "घाबरू नका रे. ही कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत."

त्यातली एक मादी काकांच्या विशेष लाडाची. वयानं मोठी, अंगानं भरलेली, सगळ्यांना बाजूला सारून पहिली पुढे येणारी. तिचं नाव मावशी. कुणाच्या घरी कार्य निघालं की न बोलावता येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेते ना एखादी मावशी, तशी. काकांच्या तळहातावरचा मका ती इतक्या हलक्या चोचीनं उचलायची की काकांना गुदगुल्या व्हायच्या. काकांची बायको म्हणायची, "तिच्याशी बोलता तेवढं गोड माझ्याशी बोलाल तर मी दहा वर्षं जास्त जगेन."

फेझंटच्या पिंजऱ्याला लागून सरड्यांचं अंगण होतं, आणि तिथे काकांचा जावई कामाला होता. काकांनीच शब्द टाकून लावलेला. मुलगा सरळ, थोडा घुमा, नियमाला धरून चालणारा. वहीत नोंद केल्याशिवाय हा पाणीसुद्धा पिणार नाही, असं काका म्हणायचे. त्याला 'जावईबापू' म्हणून हाक मारायचे, तीही मुद्दाम चारचौघांत, आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. नोकरी हंगामी. तीन वर्षं झाली तरी हंगामीच.

त्या वर्षी त्याच्या अंगणात नवल घडलं. दूरच्या कुठल्याशा खडकाळ बेटावरचे दुर्मिळ सरडे तिथे ठेवलेले होते. पिंजऱ्यात त्यांची अंडी फुटल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि इथे चौदा फुटली. चौदा पिल्लं, एकेक करंगळीएवढं. वर्तमानपत्रात फोटो आला, जावयाचाही आला, डोळे मिटलेला. मोठ्या बाई, म्हणजे संग्रहालयाच्या सगळ्यात वरच्या अधिकारी, दिवसातून दोनदा पिल्लं बघून जायला लागल्या. त्यांनी जावयाला कायम करायचा कागद वर पाठवला. आता सही होऊन आला की झालं! त्या कागदाच्या भरवशावर काकांच्या लेकीनं दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली आणि पडद्याला कापडसुद्धा बघून ठेवलं.

मग मुंग्या आल्या.

तांबड्या, चावऱ्या मुंग्या. अंगणाच्या भिंतीला गुळगुळीत पत्रा होता, वरून बारीक जाळी होती, म्हणजे कावळा नाही, घार नाही, मांजर नाही, उंदीरही नाही. पण मुंगीला कोण अडवणार? औषध मारावं तर सरडे किडेच खातात, तेच मरायचे. जावयानं भिंतीच्या कडेनं चुन्याची रेघ ओढली. एके दिवशी डबा खाताना तो काकांना म्हणाला, "बाबा, एका पिल्लाचा पाय फोडला हो मुंग्यांनी. रात्री झोप लागत नाही मला." एवढंच म्हणाला, आणि डबा अर्धा ठेवून उठला.

झालं. काकांचा हात शिवशिवायला लागला.

दोन्ही जागांच्या मधल्या भिंतीत एक ठेंगणं दार होतं. पूर्वी सगळं अंगण एकच होतं, त्या काळचं. त्याची कडी काकांच्या बाजूला, आणि ते दार आहे हेसुद्धा लोक विसरलेले. दुपारी एक ते दीड जावई जेवायला जायचा. ऊन मी म्हणत असायचं, सरडे आणि पिल्लं दगडाखाली गार सावलीत झोपलेली. काकांनी विचार केला, मावशीला मुंग्या आणि त्यांची अंडी म्हणजे जीव की प्राण. अर्धा तास सोडू, साफसफाई करून घेऊ. कुणाला कळायचं कारण नाही. जावयाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बाबा, वहीत काय लिहू?" म्हणून सांगितलं नाही. त्यांनी कडी काढली, मावशी डुलत डुलत आत गेली, आणि काका दारापाशी स्टुलावर बसून डुलक्या घ्यायला लागले.

चार दिवसांत मुंग्या गायब. जावई खूश. "चुना लागू पडला, बाबा!" काका मिशीत हसले आणि म्हणाले, "वा! जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे." आणि दार रोज एक वाजता उघडत राहिलं, कारण मुंग्या पुन्हा आल्या तर? अन् खरं सांगायचं तर, मावशीला तिथे फार आवडायला लागलं होतं. साडेबारापासूनच ती दाराशी येऊन उभी राहायची.

दर सोमवारी जावई पिल्लं मोजायचा. एका सोमवारी बारा भरली. पुढच्या सोमवारी नऊ. त्यानं प्रत्येक दगड उलटला, पत्रा बोटानं चाचपला, जाळीचा चौक न् चौक तपासला. कुठे भोक नाही, कुठे रक्ताचा थेंब नाही, मेलेलं एक पिल्लू नाही. तिसऱ्या सोमवारी सहा. मोठ्या बाईंनी चौकशी लावली. कुलूप शाबूत, आणि किल्ली एकट्या जावयाकडे. असली पिल्लं चोरून विकत घेणारे शौकीन बाहेर असतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्यातून कॅमेरेवाला एक गृहस्थ दोनदा येऊन जावयाशी बराच वेळ बोलत उभा होता, आणि जावयानं नुकतीच जुनी का होईना मोटारसायकल घेतली होती. लोकांना आणखी काय लागतं?

तुम्ही म्हणाल, काकांच्या लक्षात कसं आलं नाही? मलाही तेव्हा त्यांचा रागच आला होता. पण एकतीस वर्षं हिरवी बादली उचललेल्या माणसाच्या डोक्यात ते बसणारच कसं? त्यांनी नळाच्या मोऱ्या तपासल्या. गटाराच्या तोंडावर जाळी ठोकली. सापाचा संशय घेतला, घुशीचा घेतला, लालवाल्यांतल्या एकाचा तर उघड घेतला आणि त्याच्याशी भांडले. आणि हे सगळं करून घामाघूम होऊन एक वाजता परत आले की न चुकता दाराची कडी काढायचे.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, काकांची दाढ ठणकत होती. त्यामुळे डुलकी लागली नाही. गालावर हात दाबून ते नुसते बघत बसले होते. मावशी मातीत पाय मारत चालली होती. एका चपट्या दगडापाशी ती थांबली. डावा पाय मारला, उजवा मारला, दगड कलंडला. मान वाकडी करून एका डोळ्यानं तिनं खाली बघितलं. काकांना वाटलं, मुंगी सापडली. मग तिची मान अशी खाली गेली की दिसलीच नाही, आणि वर आली तेव्हा चोचीत पिल्लू होतं, कमरेत धरलेलं, शेपूट वळवळतंय. तिनं ते दगडावर दोनदा आपटलं. घाई नाही, राग नाही, मक्याचं कणीस सोलावं तसं. मग डोक्याकडून धरून मान वर केली आणि दोन हिसड्यांत गिळलं. शेपटीचं टोक क्षणभर चोचीबाहेर राहिलं, तेही गेलं. चोच तिनं दगडावर एकदा या बाजूनं पुसली, एकदा त्या बाजूनं. आणि डुलत डुलत काकांकडे येऊन मक्यासाठी हाताला चोच लावली.

दाढ कुठे गेली कळलंही नाही. त्यांनी मावशीला काखेत मारलं, दार लावलं, कडी घातली, आणि वर तारेनं गच्च बांधून टाकली. घाईत तार दोनदा बोटात घुसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या हातातून रक्त आलं.

आणि मग त्यांनी काय करावं? तडक उठून बाईंकडे जावं की नाही? नाही गेले! गप्प बसले. त्यांना वाटलं, दार बंद झालं, आता पिल्लं जायची थांबतील, मामला थंडावेल, जावई सुटेल. कशाला बोभाटा? शिवाय खरं सांगायचं तर भीती वाटली. निवृत्तीला आठ महिने उरले होते. दोन दिवस ते मूग गिळून राहिले, आणि त्या दोन दिवसांनी घात केला.

कारण पिल्लं जायची खरंच थांबली. आता मोजणी रोज होत होती. मंगळवारी संध्याकाळी पाच होती, गुरुवारी पाचच होती. मोठ्या बाई कारकुनाला म्हणाल्या, "बघितलंत? चौकशी लावल्याबरोबर चोरी बंद. म्हणजे चोर आतलाच." कारकुनानं ते चहाच्या टपरीपर्यंत पोचवलं, आणि टपरीवर काकांच्या कानावर पडलं.

काका तसेच बाईंच्या खोलीत गेले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बाई, जावयाचा काही दोष नाही. पिल्लं मावशीनं खाल्ली."

"कुणाच्या मावशीनं?"

"माझ्या, म्हणजे आपल्या फेझंटनं. दार मी उघडलं होतं." आणि त्यांनी मुंग्यांपासून सगळं सांगितलं.

बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विचार तरी केला असता. पण माझी नात आली होती तेव्हा तिचं बोट तुम्हीच जाळीत घातलं होतं. ती पाटी कुणाची आहे?"

"पाटी चुकली, बाई. मी चुकलो."

"एकतीस वर्षं चुकलात, आणि बरोबर जावयावर आल्यावर तुम्हाला कळलं?"



तरी बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, असे पक्षी किडे, अळ्या खातात, एखादा छोटा सरडा खाल्ला तर अशक्य नाही. पण नऊ? विष्ठा तपासता आली असती. कुठे आहे विष्ठा? काका पिंजरा दिवसातून दोनदा धुवायचे, तळाशी फिनेल टाकून. स्वच्छतेचं बक्षीसही मिळालं होतं त्यांना. त्यांनी स्वतःच्या हातानं सगळा पुरावा गटारात सोडला होता.

शेवटी काकाच म्हणाले, "समोर दाखवतो."

शुक्रवारी सकाळी बाई, डॉक्टर आणि कारकून पिंजऱ्यात आले. बागेतला एक साधा सरडा पकडून आणला होता. जावयालाही बोलावलं होतं. तो जाळीला टेकून खाली बघत उभा. काकांनी सरडा मावशीपुढे सोडला आणि मागे सरले. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, खा गं बाई. एकदा खा. एकतीस वर्षं तुम्हाला पोसलं, आज एवढं कर.

मावशीनं तीन परकी माणसं बघितली, डॉक्टरांचा पांढरा कोट बघितला, आणि ती जमिनीला चिकटून दगडासारखी बसली. सरडा बिचारा इकडे तिकडे पळाला आणि तिच्या पायावरून चढून पलीकडे उतरला. मावशीनं पापणी हलवली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कारकुनाला हसू आवरेना. मग मावशी उठली, अंग झटकलं, थेट काकांकडे गेली आणि त्यांच्या खिशाला चोच लावून उभी राहिली. मका मागत.

"किती गरीब आहे हो," बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, उपाशी ठेवून, आडून बघू. त्यांनी म्हटलं तरी. पण बाईंनी मान हलवली. बाहेर पडताना त्या काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुरे, काका. तुमच्या मायेला मी दोष देत नाही." आणि खोलीत गेल्यावर डॉक्टरांना म्हणाल्या ते दाराबाहेर उभ्या काकांनी ऐकलं, "माझ्या मनात अजून थोडी शंका होती. पण ज्याच्या सासऱ्याला असली गोष्ट रचावी लागते, त्याची बाजू काय असणार?"

ऐकलंत? काका खरं बोलले नसते तर कदाचित जावई संशयावर सुटला असता. काकांच्या खऱ्यानं त्याला बुडवला.

सोमवारी जावयाला काढलं. कायम करायचा कागद परत मागवला. पोलिसांत मात्र दिलं नाही. का, तर काकांच्या एकतीस वर्षांकडे बघून. तसं बाईंनी लेखी दिलं. आणि सगळं संग्रहालय काकांच्या पाठीवर थाप मारायला लागलं. ज्या लालवाल्याशी ते भांडले होते तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सासरा असावा तर असा! स्वतःवर घेतलंत, काका." काका म्हणाले, "अरे, घेतलं नाही. माझंच होतं ते." तो म्हणाला, "कळतं हो आम्हाला," आणि डोळा मारला.

घरी बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं. साप म्हणाला असतात, घूस म्हणाला असतात, कुणी विश्वास ठेवला असता. कोंबडी! अहो, तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही?"

"खरंच खाल्ली गं."

"आता माझ्यापुढे तरी नको," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आणि लेक? ती एकदा एकटी आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "बाबा, मला खरं सांगा. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? तुम्ही पांघरूण घातलंत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मला कळू दे. मला त्यांच्याबरोबर जन्म काढायचाय."

काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. मुंग्या, दार, स्टूल, दाढ. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी म्हणाली, "लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली तेव्हा आईला तुम्ही सांगितलंत, मांजरानं पाडली. आपल्याकडे मांजर नव्हतं, बाबा." आणि उठून गेली.

त्या दिवसापासून काकांनी एकच ध्यास घेतला. दुपारचा डबा सोडून ते जाळीआड दबा धरून बसायला लागले. अन् मावशीला आता चटक लागलेलीच होती. महिन्याभरात तिनं त्यांच्यादेखत एक उंदराचं पिल्लू मारलं, दोन पाली मारल्या, एक बेडूक आपटून आपटून खाल्ला. दर वेळी काका उठून धावेपर्यंत गिळून मोकळी. एका दुपारी कुंपणातून आलेला सरडा तिनं पकडला, आणि काकांनी झडप घालून शेपूट धरली. तिनं इकडून ओढलं, काकांनी तिकडून. सरडा तिच्या पोटात गेला, आणि तुटलेली शेपूट काकांच्या हातात वळवळत राहिली. ती त्यांनी रुमालात बांधली आणि रजा न टाकता, टोपी न घालता लेकीच्या घराकडे निघाले.

तिथे खोकी बांधायचं चाललं होतं. जावयाच्या भावाचं दुसऱ्या गावी टायरचं दुकान होतं. उद्या सकाळी दहाला टेम्पो येणार होता. पडद्याचं कापड तसंच घडीचं, न शिवलेलं, सगळ्यात वरच्या खोक्यावर. काकांनी धापा टाकत रुमाल सोडला. "बघ! आता बघ! तिच्या चोचीतून काढली."

लेकीनं शेपूट बघितली. रुमालावर रक्ताचा डाग होता. मग तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काकांना जन्मात विसरता येणार नाही. तिला बापाची भीती वाटली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता आमच्यासाठी मुक्या जिवांना मारायला लागलात? ज्या हातानं दाणा घातलात त्याच हातानं?"

तिनं रुमालाची चारी टोकं हळूच बांधून त्यांच्या हातात दिली. "घरी जा. आईला सांगू नका. आम्ही निघतो आहोत ना, मग संपलंच की सगळं."

जावई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आला. इतक्या दिवसांत तो काकांशी एक अक्षर बोलला नव्हता. तीन पायऱ्या उतरल्यावर मागून म्हणाला, "चुन्यानं मुंग्या जात नाहीत, बाबा. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

काका थबकले. "म्हणजे?"

"दगड रोज हललेले असायचे. मातीत उकरल्याच्या खुणा असायच्या. मला वाटायचं, मीच हलवले असतील. तुम्ही बाईंना सांगितलंत त्याच दिवशी मला पटलं. मी पिल्लं घेतली नव्हती हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"

जगात एक माणूस काकांचं खरं मानत होता. त्यांना रडू कोसळलं. "मग बोलला का नाहीत? निदान पोरीला तरी?"

"काय बोलू? मी बोललो असतो तर लोकांनी म्हटलं असतं, दोघांनी मिळून ठरवलंय. तुमचीही नोकरी गेली असती, अन् माझी काही परत आली नसती. अन् हिला सांगितलं तर?" त्यानं मागे दाराकडे बघितलं. "आज तिला वाटतं, नवऱ्यानं काहीतरी केलं आणि बापानं ते स्वतःवर घेतलं. नवऱ्याला ती रोज बघणार आहे, हळूहळू कळेल तिला. पण बापानं केलं असं कळलं, तर तिनं माहेर म्हणून कुठे बघायचं?"

काकांनी रुमाल खिशात कोंबला.

"रागावून नाही म्हणत," जावई म्हणाला. "पण उद्या टेम्पो येईल तेव्हा तुम्ही येऊ नका, बाबा. मला तुमच्याकडे बघवत नाही." आणि तो वर गेला. दार लागल्याचा आवाज आला, आणि आतून दोरी ओढल्याचा, खोकी सरकवल्याचा.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर कामाला गेले. हिरवी बादली भरली. मावशीला उपाशी ठेवून चालत नाही. ती काय करणार, तिची जातच ती. दहाच्या सुमाराला शाळेची पोरं आली. काकांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मावशी सगळ्यांना बाजूला सारून आली आणि त्यांच्या तळहातावरचा मका एकेक दाणा करून उचलायला लागली, कातडीला धक्काही न लावता. एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "काका, ही खरंच काही करत नाही?"

"करते," काका म्हणाले. "जिवंत सरडे खाते. आपटून मारते आणि अख्खे गिळते. नऊ खाल्ले हिनं."

पोरं खो-खो हसली. त्यांच्या शाळेच्या बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. "काका भारी गंमत करतात," त्या म्हणाल्या.

"पुन्हा सांगा, काका," पोरं ओरडली. "पुन्हा सांगा!"

काकांनी पुन्हा सांगितलं.